सात दिवसांचा बोस्निया : काय पाहायचे, काय सोडायचे

मे महिन्याची सुट्टी कागदावर लांब दिसते. निकाल, दाखले आणि पुढच्या वर्षाची कामे वजा केली की शिक्षकाच्या हाती जेमतेम दहा दिवस उरतात. त्यातले दोन-तीन दिवस मुंबईला पोहोचण्यात आणि विमानात जातात. म्हणून परदेशात गाडीने फिरायचा विचार घरात निघाला तेव्हा आम्ही पहिला आकडा ठरवला तो पैशाचा नव्हे, दिवसांचा. सात दिवस, सहा रात्री. माणसे पाच : आम्ही दोघे, नववीतला मुलगा, सहावीतली मुलगी आणि बहात्तर वर्षांच्या अम्मी. अम्मींचे गुडघे सपाट जमिनीवर साथ देतात, पायऱ्यांवर नाही.

देश निवडला बोस्निया-हर्जेगोविना. युरोपच्या आग्नेय भागातला हा डोंगराळ देश महाराष्ट्राच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढा आहे. १४६३ पासून १८७८ पर्यंत इथे उस्मानी राज्य होते आणि २०१३ च्या जनगणनेनुसार निम्म्याहून थोडे अधिक लोक मुसलमान आहेत. हे लोक कुठून येऊन स्थायिक झालेले नाहीत, तिथलेच आहेत. त्यांची भाषा स्लाव्ह आहे, घरे युरोपातली आहेत आणि पाच वेळा अजान होते. जेवणाची चिंता कमी, नमाजेची सोय जागोजागी आणि पश्चिम युरोपच्या मानाने खर्चही बेताचा. वयस्कर माणसाला घेऊन निघालेल्या कुटुंबाला आणखी काय हवे?

यादी आणि कात्री

प्रत्येकाने आपापली यादी कागदावर लिहिली. मुलाला मोस्तारचा पूल आणि शेजारच्या क्रोएशियातले दुब्रोव्निक हवे होते. मुलीला धबधबे हवे होते, एक क्रावित्साचा आणि एक यायत्से गावातला. अम्मींनी एवढेच सांगितले की एखाद्या जुन्या मशिदीत घाई न करता दोन रकात पढायला मिळाव्यात. आम्हाला स्रेब्रेनित्साजवळच्या पोतोचारी कब्रस्तानात जायचे होते. शिवाय त्राव्निक, कोन्यित्स, ब्लागाय, पोचितेल आणि सारायेव्होतली सात-आठ ठिकाणे. सगळे मिळून पंधराच्या वर गेले.

नकाशात बोटाने मोजले तर सगळे जवळ दिसते. पण आम्ही किलोमीटर मोजलेच नाहीत, तास मोजले. सारायेव्होहून मोस्तार सुमारे १३० किलोमीटर आहे, तरी अडीच तास लागतात. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर गाठणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. त्यावर जेवण, चहा, वजू-नमाज आणि अम्मींचे पाय मोकळे करणे धरले की अडीच तासांचे पाच होतात.

मग तीन नियम केले. दिवसाला एकच मोठा प्रवास, तोही एका बाजूला तीन तासांहून जास्त नाही. मुक्काम दोनच गावांत, म्हणजे रोज बॅगा भरण्या-सोडण्यात सकाळ जाणार नाही. आणि रोज एकच गोष्ट ‘पाहिलीच पाहिजे’ अशी. बाकीचे वेळ उरला तर. या नियमांतून जे पार पडले ते असे : दोन रात्री सारायेव्हो, दोन रात्री मोस्तार, पुन्हा दोन रात्री सारायेव्हो.

दुब्रोव्निक पहिल्याच फेरीत गळाले. भारतीय पासपोर्टवर बोस्नियासाठी आधी व्हिसा घ्यावा लागतो आणि आम्ही तो घेतला होता. क्रोएशिया मात्र १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, म्हणजे तिथला व्हिसा वेगळा, त्याची फी वेगळी आणि उन्हाळ्यात सीमेवरची रांग वेगळी. ज्यांच्याकडे अनेक प्रवेशांचा वैध शेंगेन व्हिसा आहे त्यांना बोस्नियात थोड्या दिवसांसाठी वेगळ्या व्हिशाशिवाय जाता येते. त्यांचे गणित निराळे होईल. तरीही सात दिवसांत दोन देश आम्ही कुणाला सुचवणार नाही.

कागद, गाडी, पैसा

मुंबईहून इस्तंबूलमार्गे सारायेव्होला जाता येते. दुबईहूनही विमाने आहेत, त्यामुळे ज्यांचे भाऊ-मेव्हणे आखातात आहेत त्यांना दोन दिवस त्यांच्याकडे राहून पुढे निघता येईल. आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांना हा रस्ता सोयीचा पडावा.

गाडी चालवणाऱ्याने आपल्या परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. तो वर्षभर चालतो आणि मूळ लायसन्स सोबत ठेवावेच लागते. भाड्याच्या गाडीसाठी अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात आणि ते कार्ड चालकाच्याच नावाचे असावे लागते. गिअर नसलेली गाडी हवी असेल तर आधीच सांगावे, कारण तिथे गिअरच्या गाड्याच जास्त. वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने असते. आमच्यापैकी एकाने दमाममध्ये नऊ वर्षे गाडी चालवली असल्याने ती अडचण आली नाही. ज्यांना सवय नाही त्यांनी गाडी शहराच्या गर्दीत ताब्यात घेऊ नये, विमानतळावर घ्यावी आणि पहिला अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर चालवावी. दिवसाही हेडलाइट चालू ठेवणे सक्तीचे आहे. गावात वेगमर्यादा ५०, गावाबाहेर साध्या रस्त्यावर ८० आणि मोटरवेवर १३०. पोलिसांचा क्रमांक १२२, रुग्णवाहिकेचा १२४.

चलन ‘मार्क’. एका युरोला १.९५५८३ मार्क असा दर कायमचा बांधलेला आहे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर एक मार्क पन्नास रुपयांच्या आसपास पडतो. मुलांना भाव कळण्यासाठी हे सोपे गणित पुरते. लहान दुकानांत रोकड लागते आणि उरलेले मार्क देशाबाहेर कुणी बदलून देत नाही, म्हणून थोडे थोडेच काढावेत.

एक सूचना मुलांना घरातूनच दिली होती. १९९२ ते १९९५ च्या युद्धात पेरलेले सुरुंग या देशात अजून काही भागांत जमिनीत आहेत. कवटीचे चिन्ह असलेली लाल पाटी दिसली की तिच्या पलीकडे पाऊल टाकायचे नाही. आणि पाटी नसली तरी डोंगरात मळलेली वाट सोडायची नाही. शहरात, हमरस्त्यावर आणि पर्यटनस्थळांवर याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

सारायेव्हो, गाडीविना

पहिले दोन दिवस आम्ही गाडी घेतलीच नाही. विमानतळ जुन्या शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे, टॅक्सी पुरते. जुन्या बाजारात गाड्यांना प्रवेश नाही आणि आसपास पार्किंग मिळणे कठीण. उभ्या गाडीचे भाडे भरण्याऐवजी तेच पैसे बाजारातल्या सपाट गल्लीतल्या घरगुती मुक्कामाला लावले. डोंगरउतारावरची घरे स्वस्त मिळतात, पण दिवसातून तीनदा तो चढ चढणार कोण?

बाश्चार्शिया हा जुना बाजार. तांबटांच्या गल्लीतून ठोक्यांचा आवाज येतो, मधोमध लाकडी पाणपोई आहे आणि तिचे नाव ‘सेबिल’. अम्मींनी नाव ऐकताच विचारले, “म्हणजे आपली सबीलच ना?” तीच. मुलीने त्या दिवसापासून वहीत अशा शब्दांची यादी सुरू केली. दुकानाला ‘दुचान’, मोहल्ल्याला ‘माहाला’, खिशाला म्हणजे जेबला ‘जेप’, साखरेला ‘शेचेर’, बदामाला ‘बादेम’, शेजाऱ्याला ‘कोम्शिया’. शेजाऱ्याचा शब्द आपल्याकडे नाही, पण तोही तुर्कीतून आलेला. फारसी-अरबी शब्द तुर्कीच्या खांद्यावर बसून पश्चिमेला बोस्नियापर्यंत गेले आणि दख्खनच्या सुलतानांच्या दरबारातून मराठीत आले. वर्गात तासभर शिकवून जे मुलांच्या गळी उतरत नाही ते एका बाजारात उतरले.

गाझी हुसरेव बेग यांची सोळाव्या शतकातली मशीद याच बाजारात आहे. हुसरेव म्हणजे आपला खुसरौ. नमाजेच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत. बायकांसाठी वेगळी जागा आहे. अम्मींनी असरची नमाज तिथे पढली आणि मगरिबपर्यंत अंगणातल्या कारंज्याजवळ बसून राहिल्या. त्यांची यादी पहिल्याच दिवशी पूर्ण झाली होती.

मशिदीशेजारच्या मनोऱ्यावरचे घड्याळ आपल्या घड्याळाशी जुळत नाही. ते बंद पडलेले नाही. ते सूर्यास्ताला बारा वाजवते, म्हणजे मगरिबला दिवस संपतो आणि तिथून नवा मोजायला सुरुवात होते. सूर्यास्ताची वेळ बदलत जाते तसे त्याचे काटे पुन्हा लावावे लागतात. मे महिन्यात तिथे मगरिब आठच्या सुमारास होते आणि इशा दहाच्या. जोहर पाऊणच्या आसपास. याचा सफरीला मोठा फायदा असा की नाश्त्यानंतर जोहरपर्यंत रस्ता कापायचा, दुपारी विसावा घ्यायचा आणि असरनंतर भरपूर उजेडात फिरायचे. आम्ही कोकणी शाफई, सफरीत जोहर-असर एकत्र पढतो. बोस्नियातले लोक हनफी आहेत, त्यांच्या मशिदीत प्रत्येक नमाज आपापल्या वेळी. दोन्ही सोयीचे झाले.

दुसऱ्या दिवशी त्रेबेविच डोंगरावर जाणाऱ्या केबल कारने वर गेलो. युद्धात ती बंद पडली होती, २०१८ च्या एप्रिलमध्ये पुन्हा सुरू झाली. गुडघे दुखणाऱ्यांसाठी शहर वरून पाहण्याचा हाच मार्ग. वरून सारायेव्हो एखाद्या खोलगट परातीसारखे दिसते, आणि ते पाहिल्यावर वेढा म्हणजे काय ते मुलांना सांगावे लागत नाही. चहूबाजूंच्या डोंगरांवर तोफा आणि खाली शहर. १,४२५ दिवस हा वेढा चालला, एप्रिल १९९२ पासून फेब्रुवारी १९९६ पर्यंत. खाली उतरल्यावर फुटपाथवर तोफगोळ्यांचे खड्डे लाल राळेने भरलेले दिसतात. लोक त्यांना सारायेव्होचे गुलाब म्हणतात. नदीकाठचे वियेच्नित्सा हे राष्ट्रीय ग्रंथालय होते. ऑगस्ट १९९२ मध्ये तोफांच्या माऱ्याने ते जळाले, लाखो पुस्तकांसह. इमारत २०१४ मध्ये पुन्हा उघडली. पुस्तके परत येत नाहीत.

खाण्याचे थोडक्यात सांगतो. चेवापी म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले खिम्याचे लांबट कबाब, सोमुन नावाच्या नानमध्ये, सोबत कच्चा कांदा. बुरेक म्हणजे खिमा भरलेली पातळ पोळीची गुंडाळी. चीज भरली तर तिला बुरेक म्हणायचे नाही, ती सिर्निका. बटाट्याची असेल तर क्रोम्पिरुशा. उकडलेल्या सफरचंदात अक्रोड भरून करतात ती तुफाहिया, अरबीतल्या तुफ्फाहची लेक. बाजारात हलालची अडचण येत नाही. मात्र देशभर सगळीकडे तसे नाही, डुकराचे मांसही विकले जाते. रस्त्यावरच्या ढाब्यावर विचारून घ्यावे. विचारल्याचा कुणी राग मानत नाही.

नेरेत्वाच्या काठाने

तिसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर जाऊन गाडी घेतली. वेढ्यात अन्न आणि औषधे आणण्यासाठी १९९३ मध्ये धावपट्टीखालून खणलेला सुमारे ८०० मीटरचा बोगदा तिथून जवळच आहे. त्याचा थोडासा तुकडा जपून ठेवला आहे. आत वाकून चालावे लागते, म्हणून अम्मी बाहेर अंगणात थांबल्या. गाडी घ्यायची जागा आणि बोगदा एकाच बाजूला असल्याने शहर दोनदा ओलांडावे लागले नाही.

तार्चिनपर्यंत मोटरवे, पुढे दुपदरी घाटरस्ता. कोन्यित्सला नदीवरचा जुना दगडी पूल पाहायला वीस मिनिटे थांबलो. तो १९४५ मध्ये उडवला गेला आणि २००९ मध्ये पुन्हा बांधला. इथून रस्ता हिरव्या नेरेत्वा नदीच्या काठाने जातो. याब्लानित्सा हे गाव सळईवर भाजलेल्या कोकराच्या मांसासाठी प्रसिद्ध आहे, जेवण तिथेच केले. याच भागात ऑक्टोबर २०२४ मध्ये अतिवृष्टीने दरड कोसळून माणसे दगावली आणि रस्ता-रेल्वे तुटली. म्हणून निघण्याच्या दिवशी रस्ता चालू आहे ना, हे यजमानांना विचारून घेणे चांगले. ट्रक खूप, बोगदे खूप, ओव्हरटेकची घाई करणारे त्याहून खूप. आपण आपल्या वेगाने जावे.

मोस्तारला असरपूर्वी पोहोचलो. हा पूल १५६६ मध्ये मिमार हैरुद्दीन यांनी बांधला, एकाच कमानीचा. ९ नोव्हेंबर १९९३ रोजी क्रोएट सैन्याच्या तोफांनी तो पाडला. नदीतले काही जुने दगड बाहेर काढले, पण नवा पूल त्याच जातीच्या, त्याच पद्धतीने घडवलेल्या दगडांचा आहे. तो २००४ च्या जुलैमध्ये खुला झाला. पुलावरचा दगड गुळगुळीत आहे, पाय घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या बसवल्या आहेत. अम्मींना पूल ओलांडायला लावण्यापेक्षा कोस्की मेहमेद पाशा मशिदीच्या नदीकाठच्या अंगणात बसवले. तिथून पूल समोर दिसतो. तरुण मुले पुलावरून नदीत उडी मारतात ती आमच्या मुलाने तिथूनच पाहिली. पुलाजवळ एक दगड आहे, त्यावर इंग्रजीत लिहिले आहे : ९३ विसरू नका.

चौथा दिवस मोस्तारच्या आसपासचा. ब्लागाय बारा किलोमीटरवर. उंच कड्याखालच्या गुहेतून बुना नदी एकदम भरली वाहत बाहेर येते आणि तिच्या काठाला लागून दर्वेशांची जुनी खानका आहे. वाट सपाट, पाणी बर्फासारखे. तिथून पोचितेल, डोंगरउतारावरचे दगडी गाव. १५६२-६३ ची तिथली मशीद युद्धात उद्ध्वस्त झाली होती, आता पुन्हा उभी आहे. गाव सगळे पायऱ्यांचे. अम्मी खाली डाळिंबाचा रस विकणाऱ्या बाईजवळ बसल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी परत आलो तेव्हा दोघी नातवंडांचे फोटो पाहत होत्या. मुलीचा क्रावित्सा धबधबा पोचितेलहून लांब नव्हता. पण उन्हाचा जोर वाढला होता. हर्जेगोविना हा उष्ण भाग, जुलै-ऑगस्टमध्ये तर दुपारी बाहेर पडवत नाही. धबधब्याला खाली उतरायचे आणि पुन्हा चढायचे होते. मुलीनेच विचारले, “दादी किती वेळ गाडीत बसणार?” धबधबा सोडला. संध्याकाळी बुनाच्या थंड पाण्यात पाय सोडून बसलो.

पाचव्या दिवशी परतताना सारायेव्होच्या अलीकडे इलिजा गावात बोस्ना नदीचा उगम पाहिला. झाडांच्या दुतर्फा रांगांमधून घोडागाडी उगमापर्यंत नेते. अम्मींना ही घोडागाडी साऱ्या सफरीत सगळ्यात आवडली. विमानतळ जवळच, गाडी तिथे परत केली. म्हणजे सात दिवसांत गाडी तीनच दिवस हाती होती. तेवढी पुरली.

सहावा दिवस

सहाव्या दिवसाचा निर्णय सगळ्यात अवघड होता आणि तो निघण्याच्या महिनाभर आधी घरातच झाला. एका बाजूला त्राव्निक आणि यायत्से : वजिरांचे गाव, रंगीत नक्षीची मशीद, गावाच्या मधोमध कोसळणारा धबधबा. दुसऱ्या बाजूला पोतोचारी. दोन्ही एका दिवसात बसत नाहीत, कारण एक पश्चिमेला आहे आणि दुसरे पूर्वेला.

नातेवाइकांपैकी काही जण म्हणाले, सुट्टीत मुलांना कब्रस्तान कशाला दाखवता? त्यांचे म्हणणे आम्ही झटकून टाकले नाही. मुलगी अकरा वर्षांची. तिच्या डोळ्यांसमोर काय यावे आणि काय नाही, हे आईबापांनी ठरवायचे असते. पण मोस्तारचा पूल पाहायचा, चेवापी खायची, वरून शहराचे फोटो काढायचे आणि ज्या घटनेमुळे जगाने या देशाचे नाव ऐकले तिथून तोंड फिरवून परत यायचे, हेही मनाला पटेना. शेवटी ठरले की सगळे जायचे. मुलगा आमच्याबरोबर संग्रहालयात येईल. मुलगी आणि अम्मी आत येणार नाहीत, बाहेर थांबतील. आणि जाण्याआधी दोघांना खरे काय घडले ते साध्या शब्दांत सांगायचे.

सांगितले ते असे. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्रेब्रेनित्सा सुरक्षित क्षेत्र जाहीर केले. लोक आसऱ्याला आले. जुलै १९९५ मध्ये रात्को म्लादिचच्या बोस्नियन सर्ब सैन्याने ते घेतले. रक्षणासाठी ठेवलेले डच सैनिक थांबवू शकले नाहीत. काही दिवसांत आठ हजारांहून अधिक मुसलमान पुरुष आणि मुलगे मारले गेले. आंतरराष्ट्रीय न्यायालयांनी याला वंशसंहार म्हटले. म्लादिचला जन्मठेप झाली आणि २०२१ मध्ये अपिलातही ती कायम राहिली. न्यायालयाने नावे घेऊन माणसांना शिक्षा दिली, एका जमातीला नव्हे. हेही मुलांना तितकेच स्पष्ट सांगितले. आज त्या गावात बोस्नियाक आणि सर्ब दोन्ही राहतात आणि वाटेत ज्याने आपल्याला रस्ता दाखवला तो कोण, हे विचारायची गरज नसते.

त्या दिवशी गाडी स्वतः चालवायची नाही, असे आधीच ठरवले होते. एका बाजूला तीन तासांचा डोंगरी रस्ता, बऱ्याच पाट्या सिरिलिक लिपीत, आणि परतताना कुणाचेही लक्ष पुरते रस्त्यावर राहणार नव्हते. मुक्कामाच्या यजमानांनी ओळखीचा एक चालक दिला. पन्नाशीचा माणूस. जाताना त्याने शेतीबद्दल, जंगलाबद्दल, पावसाबद्दल सांगितले, युद्धाबद्दल काही नाही. आम्हीही विचारले नाही.

पोतोचारीला रस्त्याच्या एका बाजूला कब्रस्तान आहे आणि दुसऱ्या बाजूला जुना बॅटरीचा कारखाना, जिथे डच तुकडीचा तळ होता. तिथे आता संग्रहालय आहे. कब्रस्तानात दगडाच्या लांब भिंतीवर ८,३७२ नावे कोरली आहेत. आडनावाखाली आडनावे, एकाच घरातली अनेक. पलीकडे पांढऱ्या निशाणांच्या रांगा टेकडीवर चढत जातात. प्रत्येकावर नाव, बापाचे नाव, जन्मसाल. मृत्यूचे साल बहुतेक सगळीकडे एकच.

मुलगा रांगेतून चालत होता आणि ओठ हलवत होता. आम्हाला वाटले फातिहा पढतो आहे. जवळ गेल्यावर कळले की वजाबाकी करतो आहे. “सतरा. अठ्ठावीस. सोळा. एकसष्ट. सोळा.” मग एका दगडापाशी थांबला आणि मोठ्याने काही बोलला नाही. त्यावरचे साल आम्ही वाचले. तो चौदा वर्षांचा आहे.

मुलगी आणि अम्मी फाटकाजवळच्या बाकावर होत्या. तिथल्या एका बाईकडून मुलीने लोकरीचे एक छोटे फूल घेतले, अकरा पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये हिरवा रंग. अकरा पाकळ्या अकरा जुलैसाठी. अम्मींनी तसबीह संपवली आणि विचारले की इथे यांच्या आया अजून येतात का? येतात. अजूनही दरवर्षी अकरा जुलैला, ज्यांचे अवशेष त्या वर्षात ओळखले गेले त्यांना इथे दफन करतात.

चालक आमच्याबरोबर आत आला होता. आम्ही भिंतीपाशी असताना तो एका रांगेत सरळ गेला, एका निशाणासमोर हात उचलून उभा राहिला आणि परत आला. परतीच्या वाटेवर त्याने व्लासेनित्साजवळ कॉफीसाठी गाडी थांबवली. पैसे त्याने दिले, आम्हाला देऊ दिले नाहीत.

ज्यांची मुले फार लहान आहेत त्यांनी हा दिवस त्राव्निक आणि यायत्सेला द्यावा, त्यात काही गैर नाही. ज्यांना पोतोचारीला जायचे आहे त्यांनी त्या दिवशी दुसरे काही ठेवू नये. संध्याकाळी बाजारही नको. आम्ही मुक्कामावर येऊन भात आणि दही खाल्ले आणि दोन्ही मुले आमच्याच खोलीत झोपली.

शेवटची सकाळ

सातव्या दिवशी विमान दुपारनंतरचे होते. ती सकाळ मुद्दाम मोकळी ठेवली होती. प्रत्येक सफरीत असे काही तास कशासाठीही न ठेवता सोडावेत. औषध विसरले, पाऊस लागला, कुणाला झोप हवी असली तर तेच उपयोगी पडतात. आमच्यावर तशी वेळ आली नाही, म्हणून उरलेले मार्क संपवायला बाजारात गेलो.

अम्मी मुलीला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात शिरल्या. मुलीने वही उघडायच्या आत त्यांनी दुकानदाराला सरळ सांगितले, “साबण.” त्याने क्षणभर पाहिले, हसला, म्हणाला, “सापुन!” आणि फळीवरून तीन प्रकारचे काढून पुढे ठेवले. अम्मींनी तिन्ही हुंगून पाहिले आणि लॅव्हेंडरचे चार घेतले, दोन घरी आणि दोन शेजारच्या घरी द्यायला. मुलीने वहीत शेवटचा शब्द लिहिला.